न पाहिलेल्या कामावरील सही

एखादे लहान विमान कोसळून त्यातील माणसे प्राणास मुकली, असे वर्तमान कानी आले म्हणजे आपल्या तोंडून बहुधा दोनच उद्गार निघतात. कोणी म्हणतो, "त्यांच्या कपाळी तेच लिहिले होते." आपणांपैकी कोणी असला तर तो कपाळाचे नाव घेत नाही, तो म्हणतो, "प्रभूची इच्छा!" शब्द निराळे खरे, परंतु परिणाम एकच. दोहोंनीही चौकशीचे दार बंद होते. विमान का पडले हे मग कोणी विचारीत नाही. आणि ज्याच्या हातून काही करावयाचे राहून गेले असेल त्याचीही आयतीच सुटका होते.

प्रस्तुत लेखात आम्ही दोन प्रश्नांचा विचार करू इच्छितो. मनुष्याच्या हयगयीने जे घडले ते देवाच्या इच्छेवर लोटणे योग्य आहे काय? आणि ज्या हयगयीपासून काहीच वाईट घडले नाही, ती हयगय निर्दोष ठरते काय? पहिला प्रश्न सोपा आहे. दुसरा कठीण आहे, आणि तोच तुम्हांआम्हांस अधिक लागू पडणारा आहे.

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांच्या पत्रात विमानाची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु लहान विमान ही केवळ श्रीमंतांच्या हौसेची वस्तू नव्हे. जेथे रस्ता नाही अशा डोंगराळ व अरण्यमय मुलुखांत औषधे, आजारी माणसे व सुवार्तिक यांस पोहोचविण्याचे काम तीच विमाने करितात. आज मिशन एव्हिएशन फेलोशिप या नावाने ओळखली जाणारी संस्था दुसऱ्या महायुद्धात काम केलेल्या ख्रिस्ती वैमानिकांनी १९४५ साली अमेरिकेत ह्याच हेतूने उभारली, आणि तिचे पहिले उड्डाण १९४६ साली बेटी ग्रीन या बाईंनी केले. अशा विमानाचा वैमानिक कितीही प्रार्थनाशील असो. पंखाचा बोल्ट ढिला असेल तर तो प्रार्थनेनंतरही ढिलाच राहतो. तो आवळण्याचे काम देवाने मनुष्याच्या हाती दिले आहे.

बैलगाडीच्या चाकाची खीळ निसटली तर गाडी कलंडते. गाडीवान खाली उतरून खीळ पुन्हा बसवितो. विमानास आकाशात थांबावयास जागा नाही. म्हणून ठराविक तास उड्डाण झाले की ते शेडमध्ये आणावे, उघडावे, एकेक भाग पाहावा, झिजलेला बदलावा, आणि काय केले ते नोंदवहीत लिहून सही करावी, असा कायदा आहे. ज्या कामावर सर्वांचा जीव अवलंबून असतो, असे काम एका मिस्त्रीने केल्यावर दुसऱ्या तपासनिसाने ते स्वतः पाहून आपली निराळी सही करावयाची असते. उतारू वैमानिकावर भरवसा ठेवितो, आणि वैमानिक त्या सहीवर.

तो मिस्त्री मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाही. १९०३ साली राइट बंधूंनी जे विमान उडविले, त्याचे इंजिन त्यांच्या सायकलींच्या दुकानात काम करणाऱ्या चार्ल्स टेलर नामक मिस्त्रीने सुमारे सहा आठवड्यांत तयार केले होते. राइट बंधूंची नावे शाळेतील पोरासही पाठ असतात. टेलरचे नाव कितीकांनी ऐकले आहे? ज्या कामाकडे कोणी पाहत नाही व ज्याची कोणी वाखाणणी करीत नाही, ते काम नीट करण्यास मनुष्यापाशी कोणते कारण उरते? आमच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. ह्यासाठी दोन खऱ्या हकिकती वाचकांपुढे ठेवितो.

पहिली हकिकत अमेरिकेतील टेक्सास प्रांताची. १९९१ सालच्या सप्टेंबर महिन्यात ह्यूस्टन येथे काँटिनेंटल एक्सप्रेस कंपनीचे एक लहान विमान रात्री दुरुस्तीस आणले होते. शेपटीवरील आडव्या पंखाच्या पुढल्या कडेवर बर्फ साचू नये म्हणून रबराचे पट्टे बसविलेले असतात. ते बदलावयाचे होते. संध्याकाळच्या पाळीतील माणसांनी डाव्या बाजूच्या वरच्या अंगाचे ४७ स्क्रू काढले. इतक्यात पाळी बदलली. काढलेल्या स्क्रूंची गोष्ट पुढच्या पाळीस कोणी नीट सांगितली नाही, आणि तिची नोंदही झाली नाही. रात्रीच्या पाळीने उजवी बाजू पुरी करून विमान बाहेर काढले. डावी बाजूही उघडलेली आहे हे तिला ठाऊकच नव्हते. ती जागा जमिनीपासून सुमारे २० फूट उंच; खाली उभ्या असलेल्या वैमानिकास ती दिसणे शक्य नव्हते. सकाळी विमान लॅरेडो येथे सुखरूप पोहोचले. तेथून परत येताना, ११ सप्टेंबर रोजी, ईगल लेक गावाजवळ ती कड उखडली, विमानाने नाक खाली टाकिले आणि ते आकाशातच मोडले. आतील १४ माणसांपैकी एकही वाचले नाही.

दुसरी हकिकत त्याच देशातील उत्तर कॅरोलायना प्रांताची. ८ जानेवारी २००३ रोजी सकाळी शार्लट येथील विमानतळावरून एअर मिडवेस्ट कंपनीचे बीचक्राफ्ट जातीचे विमान १९ उतारू व २ वैमानिक घेऊन निघाले. जमीन सोडताच त्याचे नाक वर जाऊ लागले. वैमानिकांनी सर्व बळ लावून ते खाली दाबण्याचा यत्न केला, परंतु नाक खाली येईना. विमान उलथले आणि विमानतळावरीलच एका शेडवर आदळले. २१ जणांपैकी कोणीही वाचले नाही.

दोनच दिवसांपूर्वी वेस्ट व्हर्जिनिया प्रांतातील हंटिंग्टन येथे, विमानाचे नाक वर-खाली करणारा जो शेपटीचा पत्रा असतो, त्याच्या तारेचा ताण बसविण्यात आला होता. काम करणारा मिस्त्री ह्या जातीच्या विमानावर ते काम पहिल्यानेच करीत होता. पुस्तकात एकामागून एक पायऱ्या दिल्या होत्या. त्यांतील काही ह्या वेळी अनावश्यक आहेत असे समजून त्याने गाळिल्या. गाळण्यास ज्याने संमती दिली तोच त्याचा शिकविणारा होता, आणि काम झाल्यावर ते तपासून सही करणाराही तोच होता. शिकविणारे डोळे व तपासणारे डोळे एकच झाले. गाळलेल्या पायऱ्यांत अशी एक होती की ती केली असती तर चूक तेथल्या तेथे उघडकीस आली असती. त्या दिवसापासून नाक खाली आणण्यासाठी तो पत्रा जितका वळावयास हवा त्याच्या सुमारे निम्माच वळत होता.

आता वाचकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. त्या दुरुस्तीनंतर ह्याच विमानाने नऊ उड्डाणे सुखरूप केली होती. नऊ वेळा उतारू हसतखेळत उतरले आणि आपापल्या घरी गेले. त्या उड्डाणांत भार मागच्या बाजूस इतका नव्हता, म्हणून अर्धा पत्राही पुरला. दहाव्या वेळी विमान भरलेले होते, सामान मागे होते, आणि अर्धा पत्रा पुरला नाही.

ह्यावरून आमचा दुसरा प्रश्न उभा राहतो. समजा, दहाव्या वेळी पाच-सहा उतारू कमी आले असते. समजा, दुसऱ्या आठवड्यात कोणा चतुर मनुष्याने ती तार पुन्हा तपासून ठीक केली असती. मग त्या मिस्त्रीस व त्या तपासनिसास कोणी दोष दिला असता काय? जगाने दिला नसता. त्यांनी स्वतःही स्वतःस दिला नसता. ते रात्री जेवून स्वस्थ निजले असते. तर मग दोष कशात होता? पायरी गाळण्यात, की विमान पडण्यात?

आमचे मत असे की दोष पायरी गाळून सही करण्यात होता, आणि त्या क्षणीच तो पुरा झाला होता. दहाव्या वेळी त्यांच्या हातून नवीन काहीच घडले नाही. जे नवीन होते ते बाहेरून आले: लोकांची संख्या आणि त्यांच्या पेट्यांचे ओझे. परक्या माणसांच्या सामानावरून जर आपला चांगुलपणा ठरत असेल, तर चांगुलपणा ही आपली वस्तूच नव्हे. ती बाजारातील सोडत झाली. असे मानणे विवेकास पटत नाही.

कोणी म्हणेल, "तर मग ज्याच्या हयगयीने २१ माणसे मेली तो, आणि ज्याच्या हयगयीने केसही वाकडा झाला नाही तो, दोघे सारखेच काय?" हा आक्षेप योग्य आहे, आणि त्यास उत्तर दिले पाहिजे. आमच्या समजुतीप्रमाणे दोष व ऋण ह्या दोन निराळ्या वस्तू आहेत. ज्याच्या हातून घरे उजाड झाली, त्याच्यावर त्या घरांचे ऋण चढते. त्याने त्यांच्यापुढे उभे राहिले पाहिजे, सत्य सांगितले पाहिजे, होईल तितकी भरपाई केली पाहिजे. जो सुदैवाने निसटला त्याच्यावर हे ऋण नाही. परंतु मनाचा दोष दोघांचा एकाच मापाचा आहे. म्हणून जो निसटला त्याने, ज्याचे विमान पडले त्याच्याकडे बोट दाखविण्यापूर्वी, आपली नऊ उड्डाणे आठवावीत.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कॅनडा देशाच्या वाहतूक खात्यातील गॉर्डन ड्यूपाँट ह्यांनी १९९३ साली विमानाच्या दुरुस्तीत माणसाच्या हातून चुका का होतात ह्याची बारा कारणे नेमून दिली. ती अशी: एकमेकांस न सांगणे, सर्व ठीकच असेल अशी बेफिकिरी, ज्ञानाची उणीव, लक्ष दुसरीकडे जाणे, एकोप्याने काम न करणे, थकवा, साधनांची टंचाई, घाईचा दाब, स्पष्ट बोलण्याचे धैर्य नसणे, मनावरील ताण, आसपासच्या परिस्थितीचे भान नसणे, आणि "येथे असेच चालते" ही रूढी. ही यादी पुन्हा एकदा वाचावी. तिच्यात दुष्टपणा हे कारण कोठेही नाही. तिच्यात जी माणसे आहेत ती चोर नव्हेत, खुनी नव्हेत. ती तुमच्याआमच्यासारखी दमलेली, घाईत असलेली, वरिष्ठांस प्रश्न विचारण्यास भिणारी माणसे आहेत. आपल्या मनात कोणाविषयी वाईट नाही एवढ्यावरून आपण निर्दोष आहो, असे समजणे किती फोल आहे, हे ह्या बारा कारणांवरून दिसून येते.

मग सर्व भार त्या एकट्या मिस्त्रीवरच टाकावा काय? हाही अन्याय होईल. टेक्सासच्या अपघाताची चौकशी झाली तेव्हा मंडळाच्या बहुमताने कारागिरांनी व तपासनिसांनी नियम पाळले नाहीत हे कारण ठरविले. परंतु त्या मंडळाचे एक सभासद जॉन लॉबर ह्यांनी आपले वेगळे मत नोंदविले की, जेथे नियम पाळण्याची रीत वरिष्ठांनीच रुजविली नाही, तेथे केवळ खालच्या माणसांचे नाव घेऊन भागणार नाही. शार्लटच्या विमानाविषयीही असेच दिसून आले. त्या दिवशी वैमानिकांनी उतारूंचे वजन कायद्याप्रमाणे ठरलेल्या सरासरीने मोजले आणि कागदावर विमान मर्यादेत बसले. परंतु ती सरासरी जुन्या काळची होती. पुढे सरकारने प्रत्यक्ष वजने घेतली तेव्हा माणशी सुमारे २० पौंडांची तूट आढळली. कागद खरा होता आणि विमान जड होते. ज्यांनी तो आकडा वर्षानुवर्षे न तपासता चालू दिला, त्यांचीही त्या पतनात न दिसणारी सही आहे. जो वर बसतो तो खालच्याच्या कामावर सही करितो, मग त्याने लेखणी उचललेली असो वा नसो.

आता अशा दोषाचे करावे काय? कठोर शिक्षा करावी, म्हणजे सर्व सावध होतील, असे प्रथमदर्शनी वाटते. विमानविद्येत अनुभव निराळा आला. जेथे चूक सांगणाऱ्याची नोकरी जाते, तेथे चुका थांबत नाहीत. त्या लपतात, आणि लपलेली चूक पुढच्या उड्डाणात बसून जाते. म्हणून अपघातांच्या चौकशीविषयीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत असे घातले आहे की, ह्या चौकशीचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा असावा, दोष कोणाच्या माथी मारणे हा नसावा. अमेरिकेत १९७६ सालापासून नासा ह्या संस्थेकडे वैमानिकास, मिस्त्रीस किंवा अन्य कोणासही आपली चूक लिहून कळविता येते. लिहिणाऱ्याचे नाव काढून टाकितात आणि चुकीपासून घ्यावयाचा धडा सर्वांस कळवितात. जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्यास मात्र तेथे आश्रय नाही. पापांगीकार ही दुबळेपणाची नव्हे तर जीव वाचविणारी गोष्ट आहे, हे आपण मंदिरात शिकलो. यंत्रांच्या जगास ते मोडलेल्या विमानांपासून शिकावे लागले.

परंतु येथेही सावध राहिले पाहिजे. शिक्षा न करणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. शार्लटच्या अपघातात मरण पावलेल्या एका तरुण मुलीच्या आईबापांस कंपन्यांकडून पैसा मिळणार होता. तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. चूक झाली हे जाहीरपणे कबूल करा, असा त्यांनी आग्रह धरिला. अखेर २००५ सालच्या मे महिन्यात कंपनीच्या अध्यक्षांनी शोकग्रस्त कुटुंबांपुढे उभे राहून जबाबदारी पत्करिली व क्षमा मागितली. मोठमोठ्या कंपन्या वकिलांच्या भयाने असे सहसा करीत नसतात. पैशाने ऋणाचा एक भाग फिटतो. दुसरा भाग सत्य बोलल्यावाचून फिटत नाही. मेलेल्यांची मुले परत येत नाहीत हे त्या आईबापांस ठाऊक होते. तरी आपले लेकरू "दैवाने" गेले असे खोटे कोणी म्हणू नये, एवढे तरी त्यांस हवे होते.

ह्याच ठिकाणी आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. जो विमानातील ४७ स्क्रूंचा हिशेब देवाच्या नावावर लिहितो, तो देवावर खोटी साक्ष देतो. देवाची इच्छा काय होती हे जाणावयास त्या रात्री आकाशाकडे पाहण्याची गरज नव्हती. शिडी लावून शेपटीकडे पाहणे पुरे होते.

हे लिहिताना आम्हांस स्वतःची एक गोष्ट लपविता येत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या देखरेखीखालील एका मंदिराच्या मनोऱ्यातील घंटा व तिची चौकट दरसाल तपासून वहीत सही करण्याचे काम आमच्याकडे होते. एका वर्षी पावसाळ्यापूर्वी शिडी लावून वर चढणे आमच्या जिवावर आले. आम्ही खालूनच वर पाहिले, घंटा जागेवर आहे असे दिसले, आणि "पाहिली, ठीक आहे" असे लिहून सही केली. पुढे काही महिन्यांनी पारवे पकडावयास चढलेल्या एका मुलाने खाली येऊन सांगितले की, चौकटीचा एक बोल्ट गळून पडला आहे व दुसरा हाताने फिरतो. त्या दोराखाली दर रविवारी मुले उभी राहून घंटा ओढीत असत. कोणास काही झाले नाही. त्या दिवशी आम्ही देवाचे आभार मानिले, आणि ते योग्यच होते. परंतु आभार मानून आम्ही मोकळे झालो, ते योग्य नव्हते. पंचांपुढे खरे काय ते सांगण्यास आम्हांस आणखी दोन रविवार लागले. सांगितल्यावर कोणी आम्हांस हाकलून दिले नाही. एका वृद्ध पंचांनी एवढेच म्हटले, "पाळकसाहेब, यापुढे सही वर चढून करावी." तेव्हापासून ती वही मनोऱ्याच्या माथ्यावर चौकटीशीच बांधलेली असते.

वाचकहो, आपणांपैकी फार थोडे विमानात बसतील. परंतु सही आपण सारेच करितो. कॅटेकिस्ट बंधू महिन्याच्या अहवालात "अमुक वस्तीस भेट दिली" असे लिहितो. शिक्षक हजेरीपटावर खुणा करितो. पंच हिशेबाच्या वहीखाली नाव घालितो. आरोग्यसेविका गोळ्या वाटल्याची नोंद ठेविते. जी वस्ती न पाहता लिहिली गेली, तेथे बहुधा काही होत नाही. नऊ वेळा काही होत नाही. म्हणूनच तर ती सवय जडते.

ह्या आठवड्यात प्रत्येकाने आपली वही एकदा उघडावी आणि शेवटच्या दहा सह्या पाहाव्यात. त्यांतील ज्या कामापुढे आपण स्वतः जाऊन उभे राहिलो नव्हतो, तेथे अजून जाता येते. आणि जेथे आता जाणे शक्य नाही, तेथे ज्याला सांगावयास हवे त्याला आजच सांगावे.